टाकीवरचा जुना मोनोग्राम पुन्हा बसवताना

जुनी मोटरसायकल दुरुस्त करून पुन्हा उभी करताना पेट्रोलच्या टाकीवरचा मोनोग्राम, म्हणजे कंपनीच्या नावाचा बिल्ला, सगळ्यात शेवटी बसतो, पण त्याचं काम सगळ्यात आधी सुरू करावं लागतं. टाकी रंगाऱ्याकडे जायच्याही आधी. वडिलांची १९७६ ची बुलेट उभी करताना मला हे कळलं, तेही उशिरा. टाकी रंगून घरी आली, मी डब्यातून मोनोग्राम काढले आणि लावायला गेलो, तर स्क्रूची भोकंच सापडेनात. पोचे काढून वर लांबी (रंगाऱ्याची पुट्टी) भरली होती आणि त्याखाली चारही भोकं गाडली गेली होती. टॉर्च तिरका धरून, बोटांनी चाचपून दोन सापडली. उरलेल्या दोनसाठी कोऱ्या रंगाला सुई टोचावी लागली. तो दिवस मी विसरलेलो नाही, म्हणून हे सगळं सविस्तर लिहितोय.

बॅज म्हणा, एम्ब्लेम म्हणा. पुण्यात नाना पेठेतल्या दुकानात ‘मोनोग्राम’ म्हटलं की लगेच कळतं, म्हणून इथेही तोच शब्द वापरतो.

आधी एक गोष्ट ठरवून टाका. जुना मोनोग्राम हातात असेल आणि त्याचे तुकडे झालेले नसतील, तर तोच लावायचा. नवे चकचकीत मिळतात, स्वस्तही असतात. पण त्यातले बरेचसे जुन्याच मोनोग्रामवरून साचा काढून ओतलेले असतात. साच्यावरून ओतलेली वस्तू थंड होताना किंचित आकसते, त्यामुळे अक्षरांच्या धारा बोथट होतात आणि दोन भोकांमधलं अंतर एखाद्या मिलिमीटरने चुकतं. एवढा एक मिलिमीटर स्क्रू तिरका जायला पुरेसा आहे. शिवाय माझ्या मते, पन्नास वर्षं पावसात उभ्या राहिलेल्या मोनोग्रामवरचे बारीक खड्डे हा दोष नाही. ते त्या गाडीचंच आयुष्य आहे. ते राहू द्यावेत.

नाव बरोबर आहे ना, ते बघा

गाडी विकत घेतली असेल तर तिच्यावरचा मोनोग्राम तिचाच असेल असं धरून चालू नका. याचं सगळ्यात ठळक उदाहरण मैसूरच्या गाड्यांचं. आयडियल जावाचा कारखाना १९६१ साली सुरू झाला, सत्तरच्या दशकात जावा हे नाव जाऊन येझदी आलं आणि १९९६ मध्ये उत्पादन थांबलं. आज रस्त्यावर कितीतरी येझदी जावाचं नाव लावून फिरताना दिसतात. जुलैच्या दुसऱ्या रविवारी जावा-येझदी दिनाला गाड्या एकत्र येतात, तेव्हा जाणकारांची नजर पहिली टाकीवरच जाते. आपल्या गाडीचं उत्पादन वर्ष आरसीवर बघा, चासी नंबर ताडून घ्या, आणि त्याच वर्षाच्या, हात न लागलेल्या एखाद्या गाडीशी तुलना करा.

घरातली गाडी असेल तर जुना फोटो अल्बम काढा. लग्नातले, मुंजीतले, नव्या गाडीला हार घातलेले फोटो असतातच. मला आईच्या अल्बममध्ये एक फोटो मिळाला. टाकीवर मी बसलोय, वय दोन, आणि माझ्या पायाच्या बरोबर खाली मोनोग्राम. टाकीला गुडघा टेकतो तिथल्या रबरापासून तो किती पुढे होता हे त्या एका फोटोवरून नक्की झालं. नंतरच्या कुठल्यातरी गॅरेजमध्ये तो मागे सरकवून चिकटवला होता, हेही तेव्हाच कळलं.

काढण्याआधी माप

टाकी गाडीवर असतानाच फोटो घ्या: समोरून, बाजूने, वरून. मग बटर पेपर टाकीवर ताणून चिकटपट्टीने बसवा आणि पेन्सिल आडवी धरून घासा. मोनोग्रामची कड, स्क्रूची डोकी, टाकीचा जोड, गुडघ्याच्या रबराची कड, सगळं कागदावर उमटतं. आता टाकीच्या खालच्या कडेपासून आणि पेट्रोलच्या झाकणाच्या मध्यापासून मोनोग्रामच्या दोन्ही टोकांची अंतरं मोजून त्याच कागदावर लिहा.

हे दोन्ही बाजूंना वेगवेगळं करायचं. डावीकडचा कागद उलटा करून उजवीकडे वापरायचा नाही. त्या काळच्या टाक्यांच्या दोन बाजू अगदी सारख्या नसतात. माझ्या टाकीत दोन्ही बाजूंत तीन मिलिमीटरचा फरक निघाला. कागदावर आणि मोनोग्रामच्या मागे ‘डावा’, ‘उजवा’ लिहून ठेवा, गाडीवर बसलेल्या माणसाच्या बाजूने. रंगाऱ्याकडे टाकी नेताना या कागदाची झेरॉक्स सोबत द्या.

काढताना

पेट्रोल काढून टाकी उघडी ठेवा, मगच हात लावा. रिकाम्या टाकीत वाफ असते आणि भरलेल्या टाकीपेक्षा तीच धोक्याची. म्हणून गंजलेला स्क्रू सुटत नसला तरी गॅसची बत्ती, लायटर, मेणबत्ती यातलं काहीही टाकीजवळ आणायचं नाही. गंज सोडवणारं तेल आदल्या रात्री थेंबभर सोडा, सकाळी पुन्हा सोडा. स्क्रूच्या खाचेत साचलेला रंग जुन्या ब्लेडच्या टोकाने खरवडून काढा, आणि खाचेत घट्ट बसेल एवढ्याच रुंदीचा स्क्रूड्रायव्हर घ्या. पहिला झटका सोडायच्या दिशेने नको, किंचित आवळायच्या दिशेने द्या. गंजाची पकड तुटते, मग स्क्रू मागे फिरतो.

स्क्रूचं डोकं गेलंच, तर ड्रिल हा शेवटचा उपाय. मोनोग्राम काढल्यावर स्क्रूचा बुंधा थोडा वर दिसत असेल तर तो पक्कडीत धरून फिरवता येतो, म्हणून ड्रिलने फक्त डोकं उडवायचं, खोल जायचं नाही. पत्रा जेमतेम मिलिमीटरभर असतो. त्यामागे आतून बसवलेला आटेदार बुश, म्हणजे स्क्रू ज्यात फिरतो ती छोटी नळी, सहसा पलीकडून बंद असतो. त्याचा तळ फुटला की पेट्रोल मोनोग्रामच्या मागून झिरपतं आणि सगळा रंग फुगतो.

मधल्या काळात कोणी मोनोग्राम चिकटवला असेल तर स्क्रूड्रायव्हरने उचकटू नका. केस वाळवायच्या ड्रायरने कोमट करा, मासेमारीचा तंगूस हातभर घ्या, दोन टोकं दोन हातांना गुंडाळा आणि मोनोग्रामच्या मागून करवतीसारखा ओढत न्या. जुना डिंक कापला जातो आणि मोनोग्राम वाकत नाही. अर्थात ड्रायरसुद्धा टाकी पूर्ण वाऱ्यावर सुकल्यावरच, तेही मोकळ्या जागेत.

धातू ओळखल्याशिवाय साफ करू नका

इथे माझं सगळ्यात मोठं नुकसान झालं. डावा मोनोग्राम मी क्रोम करून घ्यायला एका प्लेटिंगवाल्याकडे दिला. जुनं क्रोम उतरवायला तो थेट आम्लात बुडवला गेला. परत आला तेव्हा चकाकत होता, पण अक्षरांच्या कडा वितळलेल्या साबणासारख्या झाल्या होत्या. मोनोग्राम जस्ताच्या मिश्रधातूचा होता आणि जस्त आम्लात विरघळतं. तसाच डावा मोनोग्राम शोधायला मला आठ महिने जुन्या बाजारात फिरावं लागलं.

म्हणून आधी मागची बाजू बघा. न दिसणाऱ्या कोपऱ्यात कानसीचा एक हलका हात मारा. पिवळं दिसलं तर पितळ. पांढरट करडं आणि हाताला जड तर जस्ताची डाय-कास्ट. पांढरं पण हलकं तर अॅल्युमिनियम. नखाने टिचकी मारल्यावर बद्द आवाज आला आणि कानसीखाली भुकटी निघाली तर प्लास्टिकवर चढवलेलं क्रोम.

पितळ बरंच सोसतं. जस्त आणि अॅल्युमिनियम यांना आम्लही चालत नाही आणि कॉस्टिक सोडाही नाही. क्रोम असलेल्या कुठल्याच मोनोग्रामला चिंच, लिंबू, भांडी घासायची पावडर लावू नका. कोमट पाणी, भांड्याच्या लिक्विडचे दोन थेंब, मऊ टूथब्रश आणि धीर, एवढ्यावर नव्वद टक्के काम होतं. अक्षरांच्या खाचेत वाळलेलं जुनं पॉलिश बांबूच्या काडीने काढा, सुईने नाही. प्लास्टिकच्या मोनोग्रामजवळ थिनरची बाटलीसुद्धा उघडू नका.

क्रोम नव्याने करायचंच असेल तर प्लेटिंगवाल्याला ‘हे जस्त आहे’ असं आधी सांगा. जस्तावर आधी तांब्याचा थर द्यावा लागतो, मग निकेल, मग क्रोम. हे ऐकून जो ‘हो हो, होऊन जाईल’ म्हणतो त्याच्याकडे देऊ नका. जो खड्डे किती खोल आहेत ते भिंगातून बघतो, त्याच्याकडे द्या.

खाचेतला रंग

लाल किंवा काळा रंग उडाला असेल तर तो घरी भरता येतो. औषधाच्या दुकानातून इंजेक्शनची सिरिंज आणा आणि सुईचं टोक कानसीने सपाट करा. इनॅमल पेंट थोडा पातळ करून सिरिंजमध्ये घ्या. मोनोग्राम टेबलावर असा ठेवा की रंग भरायचा भाग आडवा सपाट राहील. वक्र मोनोग्राम असेल तर खाली मातीचा गोळा लावा. खाचेच्या मध्यात एक थेंब सोडा आणि तो स्वतःहून कडेपर्यंत जाऊ द्या. ब्रशने ओढलात तर रेघा राहतात.

अर्ध्या तासाने, रंग ओला नाही पण पूर्ण वाळलेलाही नाही अशा वेळी, जुन्या व्हिजिटिंग कार्डाला सुती कापड घट्ट गुंडाळा, टर्पेंटाइनने नुसतं दमट करा आणि वर आलेल्या अक्षरांवरून एकाच दिशेने फिरवा. कार्ड ताठ असल्याने कापड खाचेत उतरत नाही. भट्टीत भाजलेलं काचेचं मीनाकाम असेल, तर त्याचा टवका घरी भरून येत नाही. तो टवका तसाच ठेवावा असं माझं मत.

मोनोग्रामच्या मागची, तो पत्र्यात अडकवणारी खुंटी तुटली असेल तर जस्तावर साधं सोल्डरिंग धरत नाही आणि जास्त तापवलं तर मोनोग्रामच ढासळतो. मागची जागा पॉलिश पेपरने खरवडा, पितळी स्क्रूचं डोकं चपटं घासून त्या जागी अराल्डाइटने उभं चिकटवा. पाच मिनिटांत सुकणारं नको, सावकाश सुकणारं घ्या आणि पूर्ण २४ तास हलवू नका. खुंटी नेमक्या जागी राहावी म्हणून बटर पेपरवरच्या मापाने पुठ्ठ्याला भोकं पाडून त्यात ती अडकवून ठेवा.

रंगाऱ्याला काय सांगायचं

टाकी द्यायच्या आधी प्रत्येक भोकात ग्रीस लावलेला जुना स्क्रू बसवा, डोकं दोन-तीन मिलिमीटर वर ठेवून. म्हणजे लांबी भरताना भोक कुठे आहे ते दिसत राहतं आणि आट्यांत रंग जात नाही. मोनोग्रामच्या खालची जागा पोचून सपाट झाली असेल, तर मूळ वळण परत यायला हवं. रंगाऱ्याकडे मोनोग्रामच्या मागच्या वळणाचा साचा ठेवा, लांबी घासताना तो टेकवून बघायला सांगा. पट्ट्या, रेघा, वरचं लॅकर, सगळं आधी. मोनोग्राम लॅकरच्या वर बसतो.

रंग हाताला कोरडा लागला म्हणजे पिकला असं नाही. घाईने आवळलेला मोनोग्राम मऊ रंगात रुततो आणि पुढे कधी काढला तर त्याच्या आकाराचा खड्डा दिसतो. मी निदान तीन आठवडे थांबतो, पावसाळ्यात त्याहून जास्त.

आटे आणि स्क्रूची लांबी

घाई करू नका अशी जागा एकच सांगायची झाली तर ही. ब्रिटिश घराण्याच्या गाड्यांत, म्हणजे १९५५ नंतर मद्रासला बनू लागलेल्या बुलेटमध्येही, जुने आटे ब्रिटिश मापाचे असतात आणि बारीक स्क्रू बीए (ब्रिटिश असोसिएशन) मालिकेतले. जावा-येझदी मेट्रिक. गोंधळ असा होतो: २बीए चा स्क्रू ४.७ मिलिमीटर जाड, दोन आट्यांतलं अंतर ०.८१. बाजारात सहज मिळणारा मेट्रिक एम५ पाच मिलिमीटर जाड, अंतर ०.८. इतके जवळ आहेत की एम५ एखादा फेरा आत जातोही. मग अडतो, माणूस जोर लावतो आणि पन्नास वर्षं टिकलेले आटे एका मिनिटात मरतात. ४बीए आणि एम४ यांचंही तसंच. जुना स्क्रू नमुना म्हणून खिशात ठेवा, व्हर्नियरने मोजा आणि नवा स्क्रू बोटांनी शेवटपर्यंत फिरला तरच तो बरोबर समजा.

आटे खरोखरच गेले असतील तर २बीए च्या जागी एम५ चा टॅप, म्हणजे नवे आटे पाडायचं हत्यार, हाताने मारता येतो. टॅपला ग्रीस लावा म्हणजे चुरा त्यालाच चिकटेल, अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे, आणि तळ लागल्याची जाणीव झाली की थांबा.

लांबीसाठी मी उदबत्तीची काडी वापरतो. मसाला जळून गेलेली काडी बुशच्या भोकात तळाला टेकेपर्यंत सरळ घाला, पत्र्याच्या पातळीला नखाने दाबून खूण करा, बाहेर काढून मोजा. समजा खोली ७ मिलिमीटर भरली. मोनोग्रामची स्क्रूजवळची जाडी ३, मागच्या रबराची १. एकूण ११. त्यातून एक वजा करा. स्क्रू १० मिलिमीटरचा हवा, त्याहून लांब नको. लांब स्क्रू तळाला टेकतो, मोनोग्राम सैलच राहतो, आणि आपण आवळत राहिलो की बुशचा तळ फुटतो. प्रत्येक भोक वेगळं मोजा.

बसवताना

मागे पातळ रबर हवंच. ते नसेल तर धातू रंगाला घासतो आणि पावसाचं पाणी मागे अडकून पत्रा तिथूनच सडायला लागतो. काळ्या किंवा मरून टाकीला सायकलच्या ट्यूबचा तुकडा चालतो. पांढऱ्या, क्रीम रंगाला काळं रबर लावू नका, त्याचा पिवळा डाग रंगात उतरतो आणि तो निघत नाही. तिथे पारदर्शक प्लास्टिकचा पातळ पत्रा वापरा. तुकडा मोनोग्रामच्या कडेपेक्षा मिलिमीटरभर आत कापा आणि खालच्या बाजूला एक छोटी खाच ठेवा, पाणी निघून जायला.

टाकी गाडीवर चढवा, सीट बसवा, गाडी चाकांवर उभी करा. टाकी टेबलावर ठेवून जे सरळ दिसतं ते गाडीवर सरळ दिसेलच असं नाही. बटर पेपर जागेवर लावून खुणा जुळवा. मोनोग्राम नुसता टेकवून दोन टोकांवर आळीपाळीने बोट दाबा. तो डुगडुगत असेल तर वळण जुळलेलं नाही. अॅल्युमिनियमचा पातळ मोनोग्राम वाळूच्या पिशवीवर अंगठ्याने थोडा थोडा वळवता येतो. जस्ताचा वळत नाही, तुटतो. त्याला मागून रबराचा जास्तीचा थर देऊन भागवा. स्क्रूने ओढून बसवायचा प्रयत्न केलात तर भोकाजवळ तडा जाणारच.

स्क्रूभोवती मास्किंग टेपचे दोन थर लावा, स्क्रूड्रायव्हर निसटतोच. आट्यांना पेट्रोलियम जेलीचा हलका हात द्या. कोकणात, गोव्यात, मुंबईत समुद्राच्या हवेत हे विसरू नका. मूळ स्क्रू क्रोम किंवा पितळेचे असतील तर तसेच घ्या. स्टेनलेस स्टीलचे स्क्रू खारट हवेत जस्ताच्या मोनोग्रामला भोकाभोवती खातात. दोन्ही स्क्रू आधी बोटांनी लावा, मग आलटून पालटून पाव पाव फेरा. स्क्रूड्रायव्हर मुठीत धरायचा नाही, तर्जनी आणि अंगठ्यात धरायचा. तेवढा जोर पुरतो. कंपनाने सुटायची भीती असेल तर आट्यांवर जेली न लावता कमी ताकदीचं थ्रेडलॉक (आटे धरून ठेवणारा डिंक) टोकापुरतं लावा, मात्र प्लास्टिकच्या मोनोग्रामला ते लागू देऊ नका, त्याने प्लास्टिकला तडे जातात.

साइड पॅनलवरच्या मोनोग्रामला सहसा खुंट्या आणि मागून स्प्रिंगच्या चकत्या असतात. समोरून मोनोग्राम फडक्यावर टेकवा आणि चकती मागून बॉक्स पान्याने सरळ दाबा. चकती जुनी असेल तर नवी घ्या, चार-पाच रुपयांची कंजुषी करू नका.

मुळातच चिकटवलेल्या मोनोग्रामला फोमची दुहेरी चिकटणारी पट्टी वापरा, गाड्यांच्या एम्ब्लेमसाठी मिळते ती अॅक्रिलिकची. दोन्ही पृष्ठभाग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, नंतर बोट लावू नका. हवा वीस-एकवीस अंशांच्या वर हवी, म्हणून महाबळेश्वरच्या डिसेंबरात सकाळी हे काम काढू नका. एका टोकापासून सुरुवात करून वीस सेकंद दाबा आणि ७२ तास गाडी धुऊ नका. फेविक्विकसारख्या डिंकाने भोवती पांढरी छाया येते, आणि व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन धातूला आतून गंजवतं. दोन्ही टाळा.

चासीची पट्टी

चासी क्रमांकाची रिव्हेट मारलेली पट्टी हा मोनोग्राम नाही. ती काढू नका, रंगवताना जागेवरच टेप लावून झाका. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पहिल्या नोंदणीला ५० वर्षं उलटलेली दुचाकी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते, पण चासी, बॉडी किंवा इंजिनात बदल झालेला नसावा अशी अट आहे. तपासणीच्या वेळी नव्या रिव्हेटवर लटकलेली जुनी पट्टी दिसली तर प्रश्न विचारले जातील आणि त्यांची उत्तरं तुम्हालाच द्यावी लागतील.

नंतर

पहिल्या शंभर किलोमीटरनंतर स्क्रू एकदा तपासा, आवळू नका, फक्त सैल झालाय का ते बघा. पेट्रोल भरताना ओघळ मोनोग्रामच्या मागे जाऊ देऊ नका, गेलाच तर तिथेच ओल्या फडक्याने टिपा. मेण लावताना अक्षरांत पांढरं साचतं, त्यासाठी लहान मुलाचा मऊ टूथब्रश गाडीच्या किटमध्ये ठेवा. आणि बटर पेपरचे दोन्ही साचे, एक जादा स्क्रू आणि मोजलेल्या खोल्यांची चिठ्ठी एका पाकिटात घालून आरसीच्या झेरॉक्सबरोबर ठेवा. माझ्या पाकिटावर मी ‘डावा पुढचा ७, डावा मागचा ६.५’ असं लिहून ठेवलंय.